हरल्या दिवशीचे तीन बार

गाईंना मॅच कळत नाही. कास भरली की त्या हंबरणार, मग देशात कुणी जिंको नाहीतर मरो. आमच्या विस्कॉन्सिनच्या टेकाडावर घर टाकून घर गोठा आहे, आणि जानेवारीत अमेरिकन फुटबॉलची मोठी मॅच दुपारी दोनला लागली की सगळ्या घरांत एकच रड. मॅच ऐन रंगात येते आणि चार वाजतात. चार म्हणजे धारांची वेळ. मग उरलेली मॅच टीव्हीखालच्या रेकॉर्डिंगच्या डब्यात भरत ठेवायची, गोठ्यात जायचं, धारा उरकायच्या आणि हात धुऊन पुढची बघायची. तोवर कुणी कुणाला स्कोअर सांगायचा नाही. रेडिओ बंद, फोन बंद, वाटेत कुणी भेटलं तर थंडीचं बोलायचं. एकवेळ चर्चमध्ये शिवी दिलेली चालेल, पण धारा संपायच्या आत स्कोअर सांगितलेला आमच्याकडे कुणी खपवून घेत नाही.

पण माणसाची जात लबाड. ज्यांनी गाई विकल्या ते म्हातारे घरात बसून मॅच शेवटपर्यंत बघतात, आणि आपली टीम जिंकली की ओट्यावर येऊन बंदुकीचे तीन बार हवेत काढतात. एकाने काढले की टेकाडभर उठतात. बापाच्या वेळेपासूनची पद्धत आहे. जिंकलो तर बार, हरलो तर शांतता. गोठ्यातले सगळे म्हणतात, आम्ही नाही बुवा कान देत. आणि नेमके त्याच सुमाराला सगळ्यांचे दुधाचे पंप पाच मिनिटं बंद असतात.

माझा भाऊ रॉल्फ त्यांतलाच. उजव्या रांगेच्या धारा झाल्या की तो पंप बंद करायचा, दारात उभा राहायचा आणि सिगरेट ओढायचा. एरवी तो सिगरेट ओढत नाही.

मी व्हर्ना, त्याची मोठी बहीण. जन्मले त्याच घरात माडीवर राहते. लग्न केलं नाही. वासरं माझ्याकडे, म्हणून माझं लग्न वासरांशी लागलंय असं लोक म्हणतात. म्हणोत. वासरं निदान हात उगारत नाहीत.

मागच्या वर्षी हीच मॅच, हीच पायरी. जिंकलो असतो तर शेवटच्या सामन्याला गेलो असतो. रॉल्फ दारात सिगरेट ओढत उभा राहिला, आणि टेकाडावर चिटपाखरू बोललं नाही. डावी रांग तशीच भरल्या कासेने सोडून तो घरात आला. मार्ला, त्याची बायको, ओव्हनमधून भांडं काढत होती. वड्याचं तेल वांग्यावर. कुठल्या तरी पोराच्या हातून चेंडू निसटला म्हणून मार्लाचं मनगट मोडलं. डॉक्टरला आम्ही सांगितलं, बर्फावर घसरली. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ फार उपयोगी पडतो.

प्लास्टर निघाल्यावर मार्ला माझ्याजवळ वासरांच्या गोठ्यात आली आणि म्हणाली, "व्हर्ना, पुढल्या वेळी तो मला मारूनच टाकेल गं. त्याला स्वतःला कळायच्या आत." रडली नाही. बादली उचलून मला मदत करायला लागली. त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या कानातून गेलं नाही.

आणि ह्या वर्षी टीम पुन्हा त्याच पायरीवर येऊन उभी.

रविवारी सकाळी अशी थंडी होती की गाईंची पाण्याची भांडी गोठली. रॉल्फ हातोडी घेऊन एकेक फोडत होता. बत्तीस नंबरच्या गाईने लाथ झाडली ती त्याच्या मांडीला बसली. त्याने हातोडी ठेवली, पाण्याच्या नळाचा जाड तुकडा घेतला आणि तिच्या माकडहाडावर असा हाणला की ती मागल्या पायांवर बसली. पोरगी ग्रेटा, सोळा वर्षांची, शेजारी उभी होती. ती गाईच्या दुसऱ्या बाजूला सरकली. ह्या घरात पोरी लवकर शिकतात की मध्ये काहीतरी जाड असावं.

मार्लाची गाडी शेडमध्ये होती, पण तिची बॅटरी रॉल्फने शुक्रवारी काढून शेण उचलायच्या लोडरला लावली होती. राहिली त्याची पिकअप. तिची किल्ली त्याच्या ओव्हरऑलच्या छातीवरच्या खिशात.

दुपारी दोनला सगळे टीव्हीपुढे. रॉल्फ मधल्या खुर्चीत, हिरवी टोपी घालून. मार्ला सोफ्याच्या कडेला, उठायला सोपं पडेल अशी. ग्रेटा जमिनीवर. मी दाराजवळ. टीव्हीवर ते रेडे एकमेकांना धडकत होते. हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याचा आवाज आमच्या खोलीत यायचा आणि रॉल्फ म्हणायचा, "आडवा कर त्याला. बरगडी मोड." त्यांचा एक जण खरंच उठला नाही. त्याला गाडीवर घालून नेला, हात हवेत ताठ राहिलेला. रॉल्फने टाळ्या वाजवल्या.

"मेला असेल तो," ग्रेटा म्हणाली.

"मग त्यांचा एक कमी झाला."

मग आमच्या टीममधल्या पोराने चेंडू फेकला तो त्यांच्या हातात गेला. रॉल्फच्या हातातला बिअरचा डबा मार्लाच्या डोक्यावरून जाऊन भिंतीवर फुटला. मार्लाने मान आधीच खाली घेतली होती. फडकं तिच्या मांडीवर तयारच होतं. तिने भिंत पुसली, जमीन पुसली आणि पुन्हा कडेला बसली. ती पुसत असताना रॉल्फ म्हणाला, "बाजूला हो ना. दिसत नाही." आणि ती गुडघ्यांवर बाजूला झाली. हे मी डोळ्यांनी बघत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करणार काय.

चार वाजता आम्ही चार गुणांनी पुढे होतो. रॉल्फ उठला, डबा भरतोय का ते दोनदा बघितलं, ग्रेटाला म्हणाला, "चल." दारात थांबून मार्लाला म्हणाला, "आज जिंकणार. हाडांत जाणवतंय मला. तो बटाटे-खिम्याचा पदार्थ कर, वर चीज जास्त घाल." तिच्या गालावर हात ठेवला. ती हलली नाही. जनावराला सुई टोचताना ते जसं उभं राहतं तशी उभी राहिली.

मी वासरांकडे गेले. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला पावडर कालवायला गरम पाणी हवं म्हणून स्वयंपाकघरात आले, तर मार्ला कोठीच्या दारामागे उभी, हातात लहान रेडिओ, कानाला लावलेला. घराचा एकुलता एक कायदा ती मोडत होती.

"बंद कर तो," मी म्हटलं.

तिने बोट ओठांवर ठेवलं. "एक मिनिट राहिलंय. दोनने मागे आहोत. किक मारायला आलाय."

मी पण कान लावला. दोघी रेडिओला डोकी टेकवून उभ्या. दोन खांबांच्या मधून चेंडू गेला असता तर तीन गुण आणि आमची जीत. रेडिओवरचा माणूस श्वास धरून बोलत होता. मग त्याचा आवाज पडला. उजव्या खांबाला लागून चेंडू बाहेर. संपलं.

मार्लाने रेडिओ बंद केला. तार गुंडाळली. रेडिओ पिठाच्या पिशवीमागे ठेवला. मग ओव्हन उघडून पदार्थ शिजला का ते पाहिलं. "वरून लाल व्हायचाय अजून," ती म्हणाली. आणि ती ओव्हनपुढेच खाली बसली.

गोठ्याकडून पंपाचा आवाज येत होता. उजवी रांग संपत आली असणार. आता पंप थांबेल, तो दारात येईल, सिगरेट पेटवेल आणि ऐकेल. शांतता ऐकेल.

"पायी जाऊ?" मार्ला म्हणाली. "ग्रेटा आत आहे त्याच्याजवळ. तिला सोडून कुठे जाऊ?"

पंप थांबला.

मी काही ठरवलं नाही. ठरवायला वेळच नव्हता. ओट्याच्या दारामागे कोल्ह्यांसाठी ठेवलेली बंदूक असते. मी ती घेतली, ओट्यावर गेले आणि आकाशात तीन बार काढले. एक, दोन, तीन. खांद्याला दणके बसले. आवाज टेकाडावरून असा फिरून परत आला की गोठ्याच्या दारात उभ्या माणसाला चार घरांचे बार वाटावेत. मग गोठ्याच्या दारात लाल ठिणगी हलली आणि रॉल्फ ओरडला, नुसतंच ओरडला, शब्द नाहीत, आनंदाने. पंप पुन्हा सुरू झाला.

"हे काय केलंस?" मार्ला दारात येऊन म्हणाली. "डबा तर तेच दाखवणार ना शेवटी."

"शेवटी दाखवेल. आत्ता तर नाही."

"मग तेव्हा दुप्पट मारेल."

खरं होतं ते. माझ्या डोक्यात पुढचं काहीच नव्हतं. त्याने आत्ता येऊ नये एवढंच मला कळत होतं. दोघी ओट्यावर कुडकुडत उभ्या राहिलो, माझ्या हातात बंदूक, तिच्या हातात ओव्हनचे हातमोजे.

आणि तेवढ्यात खालच्या वळणावरून दिवे न लावता एक गाडी चढत आली. ऑर्विलची. शेजारी आमचा, सत्तरीचा, गाई विकून दोन वर्षं झालेली. गाडी शेडच्या आड उभी करून तो उतरला तो हातात बंदूक घेऊनच. मला बघितलं, मार्लाला बघितलं, आणि बंदूक खाली केली. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता.

"जिवंत आहेस तू," तो मार्लाला म्हणाला.

"का नसेन?"

"अगं, हरलोय आपण. सगळं टेकाड चिडीचूप आहे. आणि तुमच्या घरातून तीन बार." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मला वाटलं एक तुला, एक पोरीला आणि एक त्याने स्वतःला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय केलं होतं. टेकाडावर मॅच बघणाऱ्या प्रत्येकाला स्कोअर माहीत होता. हरल्या दिवशी बार काढणारं घर फक्त आमचं. आणि माझं डोकं फिरलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं. "सगळ्यांना ठाऊक होतं."

"व्हर्ना, दुसऱ्याच्या घरातलं..."

"मनगट मोडलं तेव्हा कुणी आलं नाही. बंदूक वाजल्यावर आलास. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, त्याचा आवाज येत नाही ना रस्त्यापर्यंत."

"शेरीफला फोन करणार होतो."

"मग?"

"म्हटलं आधी बघावं." तो खाली बघत होता. त्याच्या बुटांत मोजे नव्हते. सपाता सोडून तसाच पाय घालून आला होता बिचारा. मला राग आवरेना आणि त्याची दयाही आली.

"आलास ना आता? मग हिला घेऊन जा. नदीपलीकडे, मिनेसोटात, हिच्या बहिणीकडे. आत्ता."

"दोन तासांचा रस्ता आहे, वर बर्फ उडतंय."

"म्हणून तर आत्ता."

मार्ला म्हणाली, "ग्रेटाशिवाय मी हलणार नाही."

"ग्रेटाला मी काढते."

"आणि सकाळी? धारा? डाव्या रांगेत तीन गाई विणार आहेत ह्या आठवड्यात."

मी तिला धरून हलवलं. "मार्ला, गाई विणार आहेत, टेकाड पडणार नाही, चर्च पळून जाणार नाही. तू कोट घाल."

ती आत गेली आणि ओव्हन बंद करून आली. कोट विसरली. ऑर्विलने आपला काढून तिच्या अंगावर टाकला.

मी गोठ्यात गेले. उबदार शेणाचा आणि दुधाचा वास, पंपाचा खडखडाट. रॉल्फ दोन गाईंच्या मधून डोकं वर काढून हसला. त्याचं हसू लहानपणी होतं तसंच आहे, तेच वाईट आहे.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"मी काही ऐकलं नाही. मी वासरांकडे होते."

"मी पण नाही ऐकलं," तो म्हणाला आणि डोळा मारला. सकाळी ज्या बत्तीस नंबरच्या माकडहाडावर नळ हाणला होता तिच्याच पाठीवर तो आता थोपटत होता. गाय थरथरत होती. "बिचारी. लागलं का गं तुला?"

"ग्रेटाला पाठव घरात. मार्लाला हवी आहे. मी धरते मशीन."

"जा," तो पोरीला म्हणाला. "आणि आईला सांग, फ्रिजमधला केक बाहेर काढ. आज खाऊ."

ग्रेटाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातातून मशीन घेतलं आणि हळूच म्हटलं, "मागे वळून बघू नकोस. सरळ शेडमागे जा." ती शहाणी पोर. आधी हातमोजे धुतले, खिळ्याला टांगले, मग गेली. मी मशीन चढवत होते, कास पुसत होते आणि पंपाच्या आवाजाला मनात म्हणत होते, बंद पडू नकोस बाबा. गाडी सुरू झालेली ऐकू आली नाही.

डावी रांग आम्ही दोघांनी संपवली. रॉल्फ गात होता. मध्येच थांबून म्हणाला, "व्हर्ना, मागच्या वर्षीचं माझ्या मनात आहे. तुला वाटतं मला काही वाटत नाही. वाटतं."

"मग तिला सांग तसं."

"सांगणार आहे. आज सांगणार."

मी गाईच्या पोटाला कपाळ टेकवून राहिले. हे त्याने गेल्या वर्षी मनगट मोडल्यावर लगेच सांगितलं असतं तरी मी म्हटलं असतं, ठीक आहे, माणूस आहे.

घरात आल्यावर त्याने हाक मारली, "मार्ला!"

"ती नाही," मी म्हटलं. "ऑर्विलच्या बायकोची पाठ धरलीय, उठता येत नाही तिला. ऑर्विल येऊन मायलेकींना घेऊन गेला. तू जेवून घे, त्या येतील."

"आजच तिची पाठ धरायची होती?" तो कुरकुरला. पण रागावला नाही. जिंकलेला माणूस रागावत नाही. मी त्याला ताट वाढलं. पदार्थ मधून कच्चा होता, बटाटे टणक. त्याने चावून चावून खाल्ला आणि टीव्ही लावला.

मी शेजारी बसले. तो जाहिराती पळवत होता, मला ते नको होतं, पण थांब म्हणायला कारण काय सांगू? ऑर्विल गाडी अशी चालवतो की मागे रांग लागते. कुठे पोचले असतील? अर्ध्यात तरी?

एरवी आमची चूक झाली की हा खुर्चीचे हात उपटायचा. आज आमच्या पोराच्या हातून चेंडू निसटला तर हा हसला. "होऊ दे, होऊ दे. म्हणजे शेवटी मजा." त्यांनी आमच्या एकाला मागून धरून असा आपटला की त्याचं हेल्मेट निघून लांब गेलं, नाकातून रक्त. रॉल्फ मांडीवर थाप मारून म्हणाला, "मार, किती मारायचं ते मार. वाजणार तुझेच बारा." दोनने मागे पडलो. हा बिअर पितोय. असाच माणूस वर्षभर असता तर मी त्याच्यासाठी जीव टाकला असता.

मग शेवटचं मिनिट आलं. किक मारणारा पोरगा मैदानात धावत आला, आणि रॉल्फने बटण दाबून चित्र थांबवलं. पोरगा एक पाय उचललेला तसाच पडद्यावर उभा.

"तिच्याशिवाय नाही बघायचं," तो म्हणाला.

"काय?"

"मार्लाला आणतो. शेजारी बसवतो आणि मग शेवट बघतो. मागच्या वर्षीचं फिटलं पाहिजे, व्हर्ना." तो उठला होता. खिशावर हात ठेवून किल्ली चाचपली. "ऑर्विलकडे जायला दोन मिनिटं. त्याच्या बायकोला मी उचलून बिछान्यावर ठेवतो, आहे काय त्यात."

"अरे, बर्फ पडतंय. येतील त्या."

"पिकअपच्या चाकांना बर्फाच्या साखळ्या लावल्यात."

"संपवून जा ना. एक मिनिटाचं काम."

"नाही. तिच्याबरोबर." तो खाली बसून बूट चढवायला लागला. एक चढवला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला भडभडून आलं. तो खरोखर तिला आणायला निघाला होता, प्रेमाने. ऑर्विलच्या घरी मार्ला नाही हे त्याला कळायला दोन मिनिटं लागली असती. ती बहिणीकडे सोडून दुसरीकडे कुठेच जाणार नाही हे कळायला दोन सेकंद. आणि मग साखळ्या लावलेली पिकअप आणि पुढे ऑर्विलची ती बैलगाडी.

माझ्या लबाडीनेच त्याला दारात नेऊन उभं केलं होतं. त्याला थांबवील अशी एकच गोष्ट माझ्याजवळ होती.

"हरलोय आपण," मी म्हटलं.

दुसरा बूट त्याच्या हातात होता. "काय म्हणालीस?"

"किक उजव्या खांबाला लागून बाहेर गेली. दोनने हरलो."

"बार झाले."

"मी काढले."

त्याला समजायला वेळ लागला. तो पडद्याकडे बघत राहिला, त्या उचललेल्या पायाकडे. मग म्हणाला, "स्कोअर सांगायचा नसतो, व्हर्ना." अगदी हळू म्हणाला, जणू मी त्याच्या ताटात थुंकले होते.

बूट माझ्या गळ्याखाली बसला. हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. मी खुर्चीसकट पडले. त्याने मान दाराकडे वळवली, म्हणून मी बोलायला लागले. रेडिओवर ऐकलं होतं ते आणि नव्हतं ऐकलं तेही सांगायला लागले. "चेंडू धरणाऱ्याने नीट ठेवलाच नाही," मी म्हटलं. लाथ बसली. "वाराही नव्हता. नुसतीच वाईट मारली." आणखी एक. "तुमचा तो पोरगा तिथेच मैदानात रडत बसला. आणि ते लोक त्याच्यापुढे नाचत होते." प्रत्येक वाक्याला एक. तोंडात रक्त आलं, दात हलला. मी त्याचा पाय दोन्ही हातांनी, म्हणजे एका चालत्या हाताने, धरून ठेवला. मार. इथे मार. इथून हलू नकोस. मी मनात इतकंच म्हणत होते, आणि मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. लहानपणी बाप मारायचा तेव्हा मी ह्याच पोराला पलंगाखाली ढकलायची.

तो दमला. माझा हात पायावरून झटकून खुर्चीत बसला. धाप लागली होती. मला वाटलं आता उठेल, जाईल. पण नाही. त्याने बटण शोधलं आणि दाबलं. त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी सांगितलं त्यावर त्याचा अजून विश्वास नव्हता, किंवा त्याला वाटत असेल की आपण बघितलं तर यंदा आत जाईल.

पडद्यावरच्या पोराचा पाय खाली आला. चेंडू उडाला, खांबाला लागला आणि बाहेर पडला.

रॉल्फने तो भाग पुन्हा लावला. पुन्हा बाहेर. पुन्हा लावला. खोलीत फक्त त्या चेंडूचा खांबावर आपटल्याचा टण्ण आवाज. किती वेळा लावला मी मोजलं नाही. जितक्या वेळा लावेल तितकं बरं. मग त्याने टीव्ही बंद केला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि रडला, बाप मेला तेव्हासारखा.

"मार्ला ऑर्विलकडे नाहीये ना?" तो म्हणाला.

"नाही."

"पोरगी?"

"तिच्याबरोबर. एव्हाना नदी ओलांडली असेल."

तो दाराकडे बघत राहिला. एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, लोंबणाऱ्या हाताकडे, जमिनीवरच्या रक्ताकडे. हे कुणी केलं असं विचारेल की काय असं मला वाटलं.

"सकाळी धारा कोण काढणार?" त्याने विचारलं.

"तू," मी म्हटलं. "एकटा."